आपली पत, दुसऱ्याची वही

चार्ज कार्ड ही चीज जुन्या पेठेतल्या माणसाला चटकन समजेल. महिनाभर माल उचला आणि मुदत संपली की सगळी बाकी एकरकमी चुकती करा. क्रेडिट कार्डावर किमान रक्कम भरून उरलेली पुढे ढकलता येते, तशी सोय इथे मुळात नाही. खर्चाची मर्यादाही बहुधा आधी ठरलेली नसते. कंपनी तुमचा व्यवहार बघत जाते आणि त्याप्रमाणे हात सैल सोडते किंवा आखडता घेते. माल आज भरायचा आणि गिऱ्हाइकाचे पैसे तीन आठवड्यांनी यायचे, ही मधली खिंड लढवायला अमेरिकेतल्या छोट्या धंदेवाल्याला हे कार्ड हवे असते. पण मागायला गेले की पहिला प्रश्न समोर येतो: याआधी तुम्हाला कोणी उधार दिले होते का, आणि ते वेळेवर फेडलेत का? ज्याला कोणीच कधी दिले नाही, त्याच्यापाशी याचे उत्तर नसते. तो कर्जबुडवा नसतो, त्याची कुठे नोंद नसते, इतकेच.

हा पेच संगणकाने आणलेला नाही. तो दोनशे वर्षांच्या घरात पोचला आहे, आणि त्यातला खरा झगडा उधारीपेक्षा नोंदवहीवरून झालेला आहे. वहीत कोण लिहिणार, आणि ज्याच्याविषयी लिहिले त्याला ती वाचता येणार की नाही?

१८३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर घाऊक व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. लांबलांबचे दुकानदार वर्षातून दोनदा, वसंतात आणि पानगळीच्या सुमारास, तिथे खरेदीला येत. रोख कोणापाशीच फारशी नसे. सहा-सहा महिन्यांच्या उधारीवर कापड आणि लोखंडी सामान घेऊन ते परत फिरत. सोबत गावच्या पाद्र्याचे किंवा वकिलाचे शिफारसपत्र आणले की काम भागे. १८३७ च्या आर्थिक अरिष्टाने हा सगळा डोलारा खाली आणला. आर्थर टॅपन याची रेशमाची नामांकित पेढी त्यात बुडाली. धाकटा भाऊ लुईस याच पेढीच्या उधारीचा व्यवहार पाहत असे. कोणाला माल द्यावा आणि कोणाला देऊ नये, याची माहिती हाच आता धंदा होऊ शकतो, हे त्याने ओळखले आणि १८४१ मध्ये 'मर्कंटाइल एजन्सी' काढली.

लुईस टॅपन हा माणूस साधा नव्हे. गुलामगिरीविरोधी चळवळीत तो इतका पुढे होता की १८३४ मध्ये जमावाने त्याचे न्यूयॉर्कमधले घर फोडून सामान रस्त्यावर जाळले. 'अमिस्टाड' जहाजावरच्या आफ्रिकी बंद्यांच्या सुटकेसाठी झालेल्या खटल्यामागेही तो उभा होता. माणसाच्या मोकळेपणासाठी एवढी झळ सोसणाऱ्याने देशभरच्या दुकानदारांवर नजर ठेवणारी यंत्रणा उभारावी, याचे आज नवल वाटते. त्याच्या लेखी मात्र देणे बुडवणे हेही पापच होते.

यंत्रणा अशी चाले. गावोगावचे वार्ताहर, बहुतेक वकील, आपल्या भागातल्या दुकानदारांची खबर पाठवत. त्यांना रोख मोबदला फारसा नसे, त्या भागातली वसुलीची कामे त्यांच्याकडे वळवली जात. इलिनॉयमधला एक वकील अब्राहम लिंकन हाही त्यांतलाच. न्यूयॉर्कच्या कचेरीत कारकून ही खबर जाड वह्यांमध्ये उतरवून घेत. प्रत्येक काउंटीची वही वेगळी, अक्षर बारीक, शब्द तोडून लिहिलेले. माणूस किती वर्षांचा, लग्न झालेले की नाही, पितो का, जुगार खेळतो का, जमीन कोणाच्या नावावर, सासरा पैसेवाला आहे का, आधी कुठे दिवाळे काढले आहे का, असे सगळे त्यात येई. वर्गणीदार व्यापारी कचेरीत येऊन चौकशी करी, तेव्हा कारकून नोंद वाचून दाखवी. लेखी काही हातात मिळत नसे. अशा अडीच हजारांवर वह्या आज हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या बेकर ग्रंथालयात आहेत. इतिहासकारांनी त्या चाळल्या तेव्हा आढळले की ज्यू व्यापाऱ्याच्या नावापुढे त्याचा धर्म हटकून लिहिलेला असे आणि पुढचे मत बरेचदा त्यावरूनच ठरलेले असे. लिहिणारा गावातलाच, त्याचे हेवेदावे गावातलेच. वहीत उतरले की मात्र ते न्यूयॉर्कच्या बाजारातले सत्य होई.

ज्याच्याविषयी लिहिले त्याला यातला एक शब्द वाचता येत नसे. ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या जॉन बिअर्ड्स्ली या दुकानदाराच्या कानावर आले की एजन्सीच्या वहीत आपल्या संसाराची भानगड लिहिली आहे, बायको घटस्फोटाला निघाली असून धंदा अडचणीत येईल, अशी. त्याने बदनामीचा दावा लावला. ही खबर कोणी दिली, असे न्यायालयाने विचारले, तर एजन्सीच्या माणसाने नाव सांगायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगात गेला. १८५१ मध्ये ज्युरीने बिअर्ड्स्लीला १०,००० डॉलर देवविले, पण १८७० मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निकाल फिरला. खबर देणाऱ्याचे नाव झाकलेले आणि ज्याची खबर तो अंधारात, या पायावर धंदा उभा राहिला तो राहिलाच. पुढे रॉबर्ट डन याने एजन्सी आपल्या नावावर चालवली. जॉन ब्रॅडस्ट्रीटची प्रतिस्पर्धी पेढी होती. १९३३ मध्ये दोन्ही एक होऊन डन अँड ब्रॅडस्ट्रीट झाली. धंद्याची पत सांगणारी ही कंपनी आजही त्या बाजारात सर्वांत मोठी गणली जाते.

डनच्या वह्या भरत होत्या त्याच काळात आपल्याकडे वहीवरूनच आग लागली होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. माणसे मारण्यापेक्षा कर्जरोखे आणि वह्या हस्तगत करून जाळण्यावर त्यांचा रोख होता. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी मदतीचा कायदा झाला. त्यातल्या दोन गोष्टी आजही दखल घेण्याजोग्या आहेत. रोख्यावर लिहिली तीच रक्कम खरी, असे न मानता न्यायालयाने व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा, ही एक. आणि शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास पासबुक देणे सावकारावर बंधनकारक, ही दुसरी. कायद्याने सावकारी संपली नाही, शेतकऱ्याचे कर्जही फिटले नाही. पण ऋणकोला आपल्याविषयीची नोंद पाहण्याचा हक्क आहे, हे तत्त्व मुंबई इलाख्यात कागदावर आले. अमेरिकेतल्या सामान्य कर्जदाराला ते मिळायला त्यानंतर एक्याण्णव वर्षे गेली.

तिथे ते आले १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग अ‍ॅक्टने. त्याआधी व्यक्तींची माहिती गोळा करणाऱ्या कंपन्याही डनच्याच वाटेने चालत. १८९९ मध्ये अटलांटात स्थापन झालेल्या रिटेल क्रेडिट कंपनीचे तपासनीस शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशा करत: बाई-बाटलीचा नाद आहे का, घर नीट ठेवतात का. या माहितीचे संगणकीकरण व्हायला लागले तेव्हा अमेरिकन काँग्रेसने कान टवकारले. कायद्याने माणसाला आपली फाइल पाहण्याचा आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा हक्क दिला. कंपनीने पुढे नाव बदलून इक्विफॅक्स केले. कॅलिफोर्नियात बिल फेअर आणि अर्ल आयझॅक या जोडीने १९५६ मध्ये काढलेल्या कंपनीने शेजाऱ्याच्या मताऐवजी आकडेमोड आणली. १९८९ मध्ये तिचा सर्वसाधारण स्कोअर बाजारात आला: ३०० ते ८५०. त्यात ३५ टक्के वजन वेळेवर फेडीला, ३० टक्के किती देणे बाकी आहे त्याला. आकड्याला धर्म किंवा सासरा दिसत नाही, ही त्याची खरी कमाई मानली पाहिजे. आपल्याकडे सिबिलला नावे ठेवण्याची पद्धत पडली आहे, आणि हल्ली स्थळ पाहतानाही सिबिल विचारतात म्हणे. पण गावच्या वकिलाच्या खाजगी मतापेक्षा आकडा केव्हाही परवडला.

चार्ज कार्डाचा जन्म मात्र आकड्याच्या आधीचा, आणि तो धंद्यासाठीच झाला. १९५० मध्ये फ्रँक मॅक्नमारा याने न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब काढला. जेवायला गेला आणि पाकीट विसरला, त्यातून ही कल्पना सुचली, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. ती प्रसिद्धीसाठी रचलेली होती, असे कंपनीच्याच जुन्या माणसाने पुढे सांगितले. गिऱ्हाइकाला जेवू घालणारे विक्रेते हे या कार्डाचे पहिले आश्रयदाते. बिल क्लब भरणार, क्लबचे देणे विक्रेता महिन्याने चुकते करणार आणि उपाहारगृह सात टक्के क्लबला सोडणार. १ ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकन एक्सप्रेसने आपले चार्ज कार्ड आणले. त्याच्या दोनच आठवडे आधी बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात साठ हजार लोकांच्या पत्त्यावर न मागता क्रेडिट कार्डे टाकली होती. ही बँक म्हणजे मूळची बँक ऑफ इटली, १९०४ मध्ये ए. पी. जियानिनी याने स्थलांतरितांसाठी काढलेली. १९०६ च्या भूकंपानंतर त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर दोन पिंपांवर फळी टाकून कर्जवाटप सुरू केले होते. समोरचा माणूस कोण, हे तो स्वतः पाहून ठरवी. आज त्याच शहरात एखादा नवा स्थलांतरित बँकेत गेला, तर कोणीही त्याच्याकडे बघत नाही, पडद्यावर बघतात.

आणि पडद्यावर काही नसते. पुण्यात दहा वर्षे गृहकर्जाचे हप्ते एकही न चुकवता भरलेल्या माणसाची पत विमानातून उतरताना गळून पडते. २०१९ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने भारतासह काही देशांतला पतइतिहास नवागताच्या अर्जात पाहायला सुरुवात केली. बाकी बहुतेकांच्या दारात आजही शून्यापासूनच सुरुवात.

न्यू जर्सीतली एक मराठी बाई समजू. नवऱ्याच्या व्हिसावर आली. २०१५ पासून अशा काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला, तो तिला मिळाला आणि तिने केटरिंग सुरू केले. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, मंडळाच्या गणेशोत्सवाचे जेवण करते. मंडळाचा चेक यायला महिना लागतो, पण तूप आणि काजू आजच घ्यायचे असतात. चार्ज कार्डासाठी अर्ज केला, तर एका पानाचे पत्र आले: पतइतिहास अपुरा. नकाराचे कारण सांगणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून निदान एवढे कळले. मग ती सगळे जे करतात ते करते. पाचशे डॉलर ठेव ठेवून तारणी कार्ड घेते, त्यावर महिन्याला शंभरेक डॉलरचाच खर्च करते, कारण मर्यादेच्या जवळ गेले की स्कोअर घसरतो. खाते किमान सहा महिन्यांचे झाल्याशिवाय फेअर-आयझॅकचा आकडा पडतच नाही, तोवर थांबते. दुसरीकडे धंद्याची स्वतंत्र नोंदणी करते, करखात्याचा क्रमांक घेते, बँकेत धंद्याचे खाते वेगळे काढते, डन अँड ब्रॅडस्ट्रीटचा नऊ आकडी क्रमांक मागवते. खोकी, कागदी थाळ्या, कार्यालयीन सामान असे तीस दिवसांच्या उधारीवर देणारे आणि ती फेड वर कळवणारे दोन-तीन पुरवठादार शोधते. या फेडीवरून धंद्याला शंभरापैकी गुण मिळतात. मुदतीच्या दिवशी पैसे भरले तर ऐंशी, मुदतीआधी महिनाभर भरले तर शंभर. लुईस टॅपनला ही पद्धत नक्की पसंत पडली असती.

यांत सर्वांत लवकर उपयोगी पडते ती एक साधी युक्ती. नवऱ्याच्या जुन्या कार्डावर तिचे नाव जोडीदार म्हणून घालायचे. त्या खात्याचा इतिहास तिच्याही नोंदीत येतो. या युक्तीचा उगम फारसा कोणाला ठाऊक नसतो. १९७४ च्या आधी अमेरिकेत विवाहित बाईने कर्ज मागितले की बँक नवऱ्याची सही मागे आणि संसाराची सगळी फेड नवऱ्याच्या नावावर नोंदली जाई. घटस्फोट झाला किंवा तो वारला, की वीस वर्षे घर चालवलेली बाई कागदावर कोरी. चळवळींच्या रेट्याने त्या वर्षी समान पतसंधीचा कायदा झाला, १९७६ मध्ये त्यात वंश, धर्म, मूळ देश यांचा समावेश झाला आणि त्याखालच्या नियमांनी जोडीदार वापरत असलेल्या खात्याची नोंद दोघांच्याही नावावर करायला लावली. धंद्याच्या कर्जासाठी बाईला पुरुष नातलगाची सही आणायला लावणारे राज्यांतले उरलेसुरले नियम १९८८ च्या कायद्याने मोडीत निघाले. २००७ मध्ये फेअर-आयझॅकने ही जोडीदाराची नोंद स्कोअरमधून वगळायचे ठरवले, कारण काही दलाल अनोळखी लोकांच्या कार्डांवर नावे घालून देण्याचे पैसे घेत होते. पण पुढच्याच वर्षी कंपनीला मागे यावे लागले. न्यू जर्सीतल्या आपल्या केटरिंगवालीची पहिली पायरी अशी त्या बायकांनी बांधलेली आहे. तीही नवऱ्याच्या नावावरूनच जाते, याची बोच राहतेच.

बाजार आपणहून नवागताला जागा देतो, असा दावा अधूनमधून होतो. दोन ब्राझिली तरुणांनी २०१७ मध्ये ब्रेक्स ही कंपनी काढली. त्यांचे म्हणणे सरळ होते: बँकेत गुंतवणूकदारांचे पैसे पडून आहेत, तरी आम्ही परदेशी म्हणून आम्हाला धंद्याचे कार्ड मिळत नाही. मालकाचा स्कोअर न पाहता आणि त्याची व्यक्तिगत हमी न घेता, खात्यातली शिल्लक पाहून त्यांनी कार्डे दिली. कौतुक झाले, आणि ते रास्तच होते. २०२२ च्या उन्हाळ्यात मात्र बाहेरची गुंतवणूक नसलेल्या हजारो छोट्या धंद्यांना कंपनीने कळवले की तुमची खाती बंद होत आहेत. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला पत देणे यात नवे ते काय? उलट सॅन फ्रान्सिस्कोतल्या मिशन अ‍ॅसेट फंड या ना-नफा संस्थेने केलेले काम मला जास्त मोलाचे वाटते. आपल्याकडच्या भिशीसारखी वर्तुळे मेक्सिकन, फिलिपिनो अशा वस्त्यांमध्ये पूर्वापार चालत होती. संस्थेने ती कागदावर आणली, व्याज शून्य ठेवले आणि दर महिन्याच्या भरण्याची नोंद पतनोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवायला सुरुवात केली. माणसे आधीही वेळेवर फेडतच होती, फक्त ते कुठे लिहिले जात नव्हते. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने या वर्तुळांना कायद्याने मान्यता दिली.

आता राहिला मूळ प्रश्न, वही वाचण्याचा. १९७० चा कायदा व्यक्तीच्या नोंदीपुरता आहे. आपल्या केटरिंगवालीला स्वतःचा अहवाल दरवर्षी फुकट मागवता येतो आणि चूक असेल तर कंपनीला ती तपासावी लागते. तिच्या धंद्याच्या अहवालाला मात्र तो कायदा लागूच नाही. खरे तर टॅपनने सुरुवात केली ती धंद्याच्या वहीपासून, आणि नेमकी तीच वही बिअर्ड्स्लीच्या काळाइतकी नाही, तरी बरीचशी बंद राहिली. कारण असे दिले जाते की धंदेवाल्याला आपले हित कळते, त्याला संरक्षण कशाला? जनरल मोटर्सविषयी हे ठीक आहे. घरच्या ओट्यावर चकल्या तळणाऱ्या बाईचा धंदा आणि ती स्वतः यांत सावकाराच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. कार्ड देताना व्यक्तिगत हमी तिचीच घेतात, बुडाले तर तिच्याच घरावर येतात. देणे अंगावर घेताना ती व्यक्ती, आणि नोंद पाहायला गेली की कंपनी, हा हिशेब एकतर्फी आहे.

यातून काय होते, ते फेडरल ट्रेड कमिशनच्या एका कारवाईत दिसले. आपल्या फेडीची माहिती अहवालात घालता येईल, अशी समजूत करून देऊन डन अँड ब्रॅडस्ट्रीटने छोट्या धंद्यांना एक सेवा विकली, आणि त्यांनी दिलेले पुरवठादारांचे दाखले बरेचदा स्वीकारलेच नाहीत, असा आयोगाचा आरोप होता. एप्रिल २०२२ मध्ये आदेश पक्का झाला: धंद्याने हरकत घेतलेली माहिती कंपनीने फुकटात तपासावी, नाहीतर काढून टाकावी. हा आदेश एका कंपनीवर आहे. धंद्यांची नोंद ठेवणाऱ्या बाकीच्यांवर तो चालत नाही. मालकाने व्यक्तिगत हमी दिलेला प्रत्येक धंदा १९७० च्या कायद्याच्या कक्षेत आणायचा, तर अमेरिकन काँग्रेसला व्याख्येचे एक कलम बदलावे लागेल. मोठ्या कंपन्यांची फाइल त्याने उघडी पडत नाही आणि सरकारी तिजोरीवर म्हणावा असा भारही येत नाही. तोवर केटरिंगवालीने पहिली उधारी घेण्याआधी आपल्या धंद्याच्या नावाने कोणत्या पत्त्यावर, कोणत्या फोनवर, काय लिहून ठेवले आहे हे एकदा पैसे मोजून का होईना पाहून घ्यावे. मागच्या भाडेकरूची थकबाकी त्याच पत्त्यावर चिकटलेली निघू शकते.